घाटाचा गिअर

सीजे-३बी जीपचं बॉनेट आधीच्या जीपांपेक्षा उंच दिसतं, त्याचं कारण इंजिनात आहे. विलीज कंपनीने आपल्या २.२ लिटरच्या जुन्या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये नेले, आणि १९५३ साली ते इंजिन या जीपमध्ये घातलं. ताकद ६० अश्वशक्तीवरून ७२ वर गेली, इंजिन उंच झालं आणि बॉनेट उचलावं लागलं. गिअरबॉक्स मात्र जुनाच राहिला: टी-९०, पुढे जायला तीन गिअर, त्यातही फर्स्टला सिंक्रोमेश नाही. अमेरिकेत ही गाडी १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे महिंद्रांनी ती त्यानंतरही बनवली. त्यामुळे सरकारी खात्यांतून, लष्कराच्या लिलावांतून आणि शेतकऱ्यांच्या गोठ्यांशेजारून निघालेल्या या जीपा आजही वडगाव, कामशेत, पवनानगर, लोणावळा या मावळच्या पट्ट्यात चालताना दिसतात. काही हौसेने राखलेल्या आहेत, काही अजून पोटापाण्याचं काम करतात.

या गाडीत दुसरा गिअरबॉक्स बसवावा असं मालकाला कधी ना कधी वाटतंच. सेकंड गिअर उतारावर आपोआप सुटायला लागतो. हायवेला लागलं की इंजिन ओरडतं. किंवा आधीच्या मालकाने पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असतं आणि त्याचे धक्के टी-९०ला सोसत नाहीत. मग शोध सुरू होतो, आणि पहिला प्रश्न हमखास चुकीचा पडतो: ‘पाच गिअरचा मिळेल का?’

मावळात प्रश्न उलट्या टोकाकडून विचारायला हवा. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याला, उधेवाडीला जाणारी वाट पंधरा-सोळा किलोमीटरची. लोणावळ्याच्या डोक्यावर वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. अशा पावसात कच्च्या वाटेची माती वाहून जाते आणि खाली काळा बेसाल्ट उघडा पडतो. तिथे चाक दगडावर हळूच चढवून हळूच उतरवावं लागतं. ते काम टॉप गिअरचं नव्हे, फर्स्टचं.

हिशेब कागदावर मांडला की डोळ्यांना दिसतो. टी-९०चा फर्स्ट २.७९८. ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचा, लो २.४६. डिफरन्शियलचं गुणोत्तर ५.३८. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे ३७ फेरे. सहा-सोळाच्या मूळ टायरवर इंजिन मिनिटाला हजार फेरे मारत असेल, तर गाडी ताशी साडेतीन किलोमीटरच्या जरा वर चालते. माणसाच्या सावकाश चालीएवढा हा वेग ओल्या दगडावर जास्तच होतो. मग क्लच अर्धा दाबून गाडी धरावी लागते आणि प्लेट जळते. अमेरिकेतले जुने जीपवाले बोर्ग वॉर्नरचा टी-१८ हा ट्रकचा गिअरबॉक्स बसवतात, त्याचा फर्स्ट ६.३२. गुणाकार ८३ च्या पुढे जातो आणि तोच वेग दीड किलोमीटरवर येतो. पण एवढा जोर जुन्या ॲक्सलवर पडला की तिथला शाफ्ट तुटू शकतो, आणि उधेवाडीच्या वाटेवर तुटलेला शाफ्ट हे मोठं संकट आहे. मधला आकडा शोधावा असं माझं मत आहे: फर्स्ट साडेतीन ते चारच्या दरम्यान.

आता दुसरं टोक. ताशी ८० किलोमीटरला थर्ड गिअरमध्ये हे इंजिन मिनिटाला ३,२०० फेऱ्यांच्या आसपास असतं. पाचवा गिअर ०.८ चा मिळाला तर ते सुमारे २,५५० वर येतं. कानाला बरं वाटतं, इंधनही वाचतं. पण जुने ड्रम ब्रेक, पट्ट्यांच्या स्प्रिंगा आणि ८० इंचांचा व्हीलबेस घेऊन ही गाडी एक्सप्रेसवेवर ८० च्या पुढे न्यायची आहे का? मला तरी नको वाटतं. जुन्या रस्त्याने, १८३० साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या वळणांतून, ती सेकंड-थर्डमध्ये चढते तेव्हाच ती आपल्या जागी असते.

गिअरबॉक्स निवडताना खरा अधिकार ट्रान्सफर केसकडे असतो. या जीपांना डाना कंपनीचा मॉडेल १८ ट्रान्सफर केस आहे. त्यात चेन नाही, सगळे दाते एकमेकांत. गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट मागून बाहेर येतो आणि ट्रान्सफर केसच्या पहिल्या दातेरी चाकाला थेट फिरवतो. तिथून ताकद गाडीच्या उजव्या अंगाला सरकते, म्हणून पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे आहेत. मागचा प्रपेलर मधून निघणारा ट्रान्सफर केस बसवला की प्रपेलर तिरका पडतो, क्रॉस खातो, आणि शेवटी मागचा ॲक्सलच बदलावा लागतो. शिवाय मॉडेल १८ च्या मागच्या टोकाला दोन गोष्टी बसलेल्या असतात: स्पीडोमीटरची केबल आणि हँडब्रेकचा ड्रम. ट्रान्सफर केस गेला की हँडब्रेकही गेला. खंडाळ्याच्या चढावर भरलेली गाडी उभी करून पाहा, म्हणजे त्या ड्रमची किंमत कळते.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. ज्याच्या मागे मूळ ट्रान्सफर केस राहू शकतो, तोच गिअरबॉक्स घ्यावा. आणि असा गिअरबॉक्स घरच्याच वंशात आहे. महिंद्रांनी प्युजोच्या परवान्याने २,११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन बनवलं आणि ते एमएम ५४० मध्ये घातलं, तेव्हा त्यासोबत केएमटी-९० हा चार गिअरचा बॉक्स दिला. मागे तोच मॉडेल १८. डिझेलचा जोर सोसायला तो बनवलेला आहे, सुटे भाग मिळतात, आणि जीपची कामं करणाऱ्या फिटरच्या हाताला त्याची सवय असते. तरीही डोळे झाकून घेऊ नये. अमेरिकन जीपांतसुद्धा वर्षागणिक मॉडेल १८ च्या तोंडाचं भोक आणि इंटरमीडिएट शाफ्टची जाडी बदलत गेली. सुरुवातीचा शाफ्ट पाऊण इंचाचा होता, पुढे सव्वा इंचापर्यंत गेला. कॅलिपर खिशात ठेवूनच भंगारात शिरावं.

बोलेरोचे पाच गिअरचे बॉक्स भरपूर दिसतात, पण बहुतेक बोलेरो टू-व्हील ड्राइव्ह. त्यांच्या शेपटीला ट्रान्सफर केस बसवायची जागाच नसते. फोर-व्हीलचा मिळाला तरी लांबी मोजावी. ८० इंचांच्या जीपमध्ये मागचा प्रपेलर मुळातच आखूड. बॉक्स दोन-तीन इंच लांब झाला की प्रपेलर आणखी आखूड होतो, कोन चढतो आणि गाडी थरथरते. जिप्सीची गोष्ट वेगळी. तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मध्ये छोटा शाफ्ट असतो. तिथे नुसता गिअरबॉक्स घेण्यात अर्थ नाही, इंजिनासकट सगळा संचच हलवावा लागतो, आणि मग ती जीप उरत नाही.

कायदाही इथेच आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करू देत नाही. आरसी पुस्तकावर गिअरबॉक्सचा नंबर नसतो, म्हणून अनेकजण गप्प राहतात. आरटीओत आधी विचारणं शहाणपणाचं. आणि गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनी मिळणारी ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी मूळ रूपात राखलेल्या, मोठा बदल न केलेल्या गाडीलाच आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, रॅली-प्रदर्शनासारख्या ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. राजमाचीला नेहमी जाणारी जीप आणि व्हिंटेज पाटीची जीप या दोन वेगळ्या गाड्या आहेत, हे आधी ठरवायला हवं. दुसरीला टी-९०च राहू द्यावा. सेकंड सुटतो तो बहुधा झिजलेल्या फोर्कमुळे, ढिल्या पडलेल्या स्प्रिंगांमुळे किंवा मेन शाफ्टच्या चालीमुळे. हे सगळं दुरुस्त होतं, आणि चांगल्या फिटरच्या हातचा टी-९० बरीच वर्षं सेवा देतो.

पहिलीसाठी मात्र बाजारात जावंच लागतं. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. गाडीसकट मिळाला तर उत्तम, कारण चालवून पाहता येतो. सुटा असेल तर वरचं झाकण काढायला लावावं. दात्यांची टोकं गोल झालीत का, इनपुट शाफ्ट हाताने हलवला तर किती हलतो, तळाच्या तेलात पितळेचा चुरा आहे का, हे स्वतः पाहावं. पितळ दिसलं तर सिंक्रोच्या रिंगा गेल्या. इनपुट शाफ्टच्या खाचा मोजून घ्याव्यात. क्लच प्लेटचं मधलं तोंड गिअरबॉक्सचं आणि घेर फ्लायव्हीलचा, असा मेळ घालावा लागतो. बेल हाऊसिंग, क्लचचा फोर्क, लिव्हर आणि माउंटिंग त्याच गाडीचं एकदमच घ्यावं. ही लहानसहान लोखंडं नंतर शोधायला जाणाऱ्याचे हाल होतात.

इंजिन वेगळं असेल तर मध्ये प्लेट बनवावी लागते, आणि कामाचा कस तिथे लागतो. इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवा, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत. नुसत्या नजरेने आणि ग्राइंडरने बनवलेली प्लेट पायलट बेअरिंग खाते, मग इनपुट शाफ्ट, मग नव्याने आणलेला गिअरबॉक्सच. डायल गेज लावून मोजणारा लेथवाला सापडला तर त्याला मागेल तेवढी मजुरी द्यावी. चासीला नवीन भोक न पाडता, जुन्या क्रॉस मेंबरवर वेगळा ब्रॅकेट करून बॉक्स टेकवावा. काढलेला टी-९० आतून तेल फासून, तोंडं बंद करून, त्याच्या शिम आणि बोल्टांसकट कोरड्या जागी ठेवून द्यावा. पुढचा मालक गाडी मूळ रूपात आणू पाहील तेव्हा त्याला तो लागेल. आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर, पावसाळा तोंडावर असो वा नसो, नवीन बॉक्सचं आणि ट्रान्सफर केसचं तेल उपसून ते पांढऱ्या फडक्यावर गाळून पाहावं.