लेक कामाला जाते, त्यात लपवायचं काय?

कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने संध्याकाळचं काम धरलं तर आपण कौतुकाने चारचौघांत सांगतो. मुलीने मात्र दुकानात बिलं करायला बसायचं म्हटलं, की "आपल्याला काय कमी पडलंय? लोक काय म्हणतील?" आणि गेलीच तर शेजारी सांगायचं, "क्लासला जाते." मैत्रिणींनो, खरं सांगा, असं होतं ना?

मुलांना यात कमीपणा वाटत नाही. कुणाला फीला हातभार लावायचा असतो, कुणाला मोबाईलचा खर्च स्वतः भागवायचा असतो, तर कुणाला चार लोकांत वावरायला शिकायचं असतं. ही काही आजची टूमही नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिचं ब्रीदच मुळी स्वावलंबी शिक्षण! 'कमवा आणि शिका' म्हणत कितीतरी मुलं राबून शिकली. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतून कर्मवीरांच्या नावाने अशी योजना चालते. त्यात कॉलेजातच काम आणि तासावर मोबदला मिळतो. तेव्हा मुलीला पहिली चौकशी कॉलेजातच करायला सांगा.

बाहेर काम धरायचं असेल तर तिच्याबरोबर बसून हिशेब मांडा. समजा, रोज ४ तास, महिन्याचे २५ दिवस आणि पगार ४,००० रुपये. म्हणजे तासाला ४० रुपये झाले. जाण्यायेण्याला रोज ४० रुपये गेले, तर हातात उरले ३,०००, म्हणजे तासाला ३०च! शिवाय वाटेत जाणारा वेळ वेगळाच. एवढ्यासाठी अभ्यास मागे टाकायचा का, हे मग तिचं तिलाच उमगतं.

काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. परीक्षेला रजा मिळेल का? पगार कोणत्या तारखेला? रात्री सुटायला किती वाजतात? नोकरी देण्याआधीच पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा. मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवू नयेत. "तुझं बँकेचं खातं वापरायला दे, पैसे देतो" असं कुणी म्हटलं तर साफ नकार द्यावा. अशी खाती फसवणुकीचा पैसा फिरवायला वापरतात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी!

म्हणूनच म्हणते, काम लपवू नका. मालकाने पगार अडवला किंवा कुणी वेडंवाकडं बोललं, तर लपूनछपून काम करणारी मुलगी सांगणार कुणाला?

तिची कमाई तिच्याच खात्यात राहू द्या. घरात गरज असेल तर किती हवेत ते मोकळेपणाने सांगा. आणि हो, संध्याकाळी कामावरून आलेल्या मुलापुढे आपण गरम ताट ठेवतो ना? मग त्याच वेळी दमून आलेल्या लेकीच्या हाती लाटणं देऊ नका. तिचंही ताट वाढा.