पायांनी चढावयाची भिंत

छत्रपती संभाजीनगराहून वेरुळाकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत देवगिरीचा डोंगर लागतो. सुमारे २०० मीटर उंचीच्या या डोंगराचा वरचा भाग चारचौघा डोंगरांसारखाच उतरता आहे. परंतु खालच्या अंगाला निराळेच दृश्य दिसते. पायथ्यापासून जवळजवळ ५० मीटरपर्यंत सगळा कातळ चहूबाजूंनी छिन्नीने तासून ताठ उभा केलेला आहे व त्याच्या पायाशी खोल खंदक आहे. हे काम कोणत्या राजवटीत झाले याचा वाद इतिहासज्ञांनी घालावा. ज्या पाथरवटांनी ते केले त्यांना मात्र एक शास्त्र पुरते अवगत होते. कातळाला जेथे कंगोरा होता, खाच होती, चार बोटे रुंदीची का होईना पण पायरी होती, तेथे तेथे ती त्यांनी छाटून टाकली. शत्रूचे हात तोडण्याची त्यांना गरज वाटली नाही. त्याला पाय टेकावयास जागा उरू दिली नाही, एवढ्यानेच काम भागले.

याच्या अगदी उलट उद्योग १९६४ साली इंग्लंडातील लीड्स विद्यापीठात झाला. डॉन रॉबिन्सन नावाच्या व्यायामशिक्षकाने तेथील एका बोळाच्या विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसविले, ते अशासाठी की विद्यार्थ्यांना हिवाळ्यात छपराखाली कडा चढण्याचा सराव करता यावा. देवगिरीच्या कारागिरांनी जे काढले तेच या गृहस्थाने घातले! आज घराच्या आत चढण्याच्या ज्या भिंती जगभर दिसतात त्यांच्या पूर्वजांत लीड्सच्या त्या बोळाची गणना होते. दगडाची जागा आता राळेच्या ओतीव पकडींनी घेतली आहे. चढणारे त्यांना होल्ड म्हणतात. लाकडी फळ्यांच्या भिंतीवर त्या पेचांनी आवळून बसवितात, एका वाटेच्या पकडी एका रंगाच्या ठेवतात, आणि काही दिवसांनी सगळ्या काढून नवी वाट रचतात.

अशा भिंती दोन प्रकारच्या असतात. उंच भिंतीवर कमरेला दोर बांधून चढतात व खाली उभा असलेला सोबती तो दोर सांभाळतो. दुसरी भिंत साडेचार मीटरांच्या आतबाहेर उंचीची. तीवर दोर नसतो, खाली जाड गाद्या अंथरलेल्या असतात. या दुसऱ्या प्रकाराला बोल्डरिंग असे नाव आहे. त्याला आजचे रूप देणाऱ्यांत अमेरिकेतील जॉन गिल हे गणिताचे अध्यापक प्रमुख होत. कसरतीच्या आखाड्यातील हातांना पांढरी भुकटी लावण्याची रीत त्यांनी १९५० नंतरच्या दशकात खडकावर आणली. हा खेळ आपल्याकडे केवळ ऐकिवातला राहिलेला नाही. नवी मुंबईत २०१६ व २०१७ साली बोल्डरिंगच्या जागतिक चषकाच्या फेऱ्या झाल्या. २०२१ साली तोकियोत भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत भिंत चढण्याला प्रथमच स्थान मिळाले. पुण्या-मुंबईत अशा भिंतींची सभागृहे आहेत. संभाजीनगराला गिर्यारोहणाचे वेड मुळीच नवे नाही. येथील रफीक शेख यांनी २०१६ साली व मनीषा वाघमारे यांनी २०१८ साली एव्हरेस्ट गाठले. पण हिमालयाची परीक्षा श्वासाची व चिकाटीची असते. भिंतीची परीक्षा हालचालीची.

पावसाळ्यातील रविवारी तरुण मंडळी गडकिल्ल्यांकडे निघाली म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, आणि तो अकारण येतो असे म्हणता यावयाचे नाही. ओल्या कातळावर पाऊल चुकले तर त्या चुकीची किंमत देताना माणूस आयुष्याला मुकतो. सभागृहातील भिंतीवर तीच चूक दहा वेळा करता येते, आणि अकराव्या वेळी ती का झाली हे कळू लागते. मुलामुलीला गडावर जाऊ नको म्हणण्याऐवजी आधी भिंतीवर जा म्हणणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. मात्र तेथे काय शिकावयाचे असते याविषयी फार मोठा गैरसमज आहे.

तो गैरसमज असा की, हे काम दंडांचे आहे. नुकताच आलेला, जोर-बैठका काढून कमावलेला तरुण भिंतीला भिडतो, प्रत्येक पकड छातीशी ओढतो, आणि चौथ्या-पाचव्या पकडीवर त्याची बोटे आपोआप उघडू लागतात. शेजारच्याच वाटेने एखादी सडपातळ मुलगी गडबड न करता वर जाते. तरुणाला वाटते, हिचे वजन कमी. ते खरे आहे, पण अर्धेच. बोटे मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. मूठ जोराने आवळून धरली की हे स्नायू फुगतात व आपल्यातूनच जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या दाबून टाकतात. रक्त थांबले की प्राणवायूही थांबला. मग हात दगडासारखा घट्ट होतो व इच्छा असूनही मूठ टिकत नाही. मांडीच्या स्नायूंचे तसे नाही. ते दिवसभर देह वागवितात, जिने चढतात, आणि त्याची तक्रारही करीत नाहीत. शिडीवर चढताना कोणी हातांनी देह ओढीत नाही; पाय वर ठेवतो आणि उभा राहतो, हात नुसते तोल राखतात. भिंत ही अशीच शिडी होय. फरक इतकाच की, तिच्या पायऱ्या वेड्यावाकड्या बसविलेल्या असतात.

तेव्हा पहिला धडा पायांचा. नवशिक्या पकडीवर तळव्याचा मधला भाग ठेवतो, कारण जिन्यावर तशी सवय असते. तसे ठेवलेले पाऊल वळत नाही, आणि टाचही उचलता येत नाही. पकडीवर टेकावयाचे ते अंगठ्याचे टोक, आतल्या कडेने. क्वचित बाहेरील कड, करंगळीच्या बाजूने. असे पाऊल टोकावर भोवऱ्यासारखे फिरू शकते. बूट घट्ट असावे लागतात ते यासाठीच. दुसरी गोष्ट नजरेची. बहुतेक लोक पाऊल जवळपास पोहोचले की वर पाहू लागतात आणि शेवटची दोन बोटे अंतर पाऊल आंधळेपणाने शोधते. पाऊल पुरते टेकून त्यावर भार पडेपर्यंत दृष्टी तेथून हलवू नये. याची परीक्षा कानाने घेता येते: सोप्या वाटेवरून असे चढावे की बुटाचा भिंतीवर आवाज होता कामा नये. आवाज झाला की उतरून पुन्हा आरंभ करावा. हा सराव कंटाळवाणा आहे, पण पंधरा दिवसांत जो फरक तो घडवितो तो महिनाभराच्या दंडांनी होत नाही.

जेथे पकडच नाही, नुसती उतरती भिंत आहे, तेथे बुटाचे रबर घासून टेकावे लागते. येथे भीती माणसाला अगदी उलट शिकविते. घाबरलेला मनुष्य भिंतीला छातीने बिलगतो. त्यामुळे वजन बुटावर सरळ न उतरता पाऊल बाहेर ढकलले जाते व सटकते. टाच खाली सोडून, कंबर भिंतीपासून किंचित दूर ठेवून पायांवर सरळ उभे राहिले म्हणजे रबर धरते. धीर हा येथे सद्गुण नसून तंत्राचा भाग आहे.

उभी किंवा बाहेर झुकलेली भिंत आली की नियम पालटतो. तेथे कंबर भिंतीजवळ न्यावी लागते. आपल्या मल्लखांबात, ज्याचे पुनरुज्जीवन पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी केले, खेळाडू अढी घालून खांबाला पायांनी असा धरतो की हात मोकळे सुटतात. भिंतीभोवती पायांची मिठी घालता येत नाही. म्हणून कंबर एका अंगाला वळवून भिंतीला कुल्हा लावतात. उजव्या हाताने वर पोहोचावयाचे असेल तर उजवा कुल्हा भिंतीला लागावा. तसे केले की उजवा खांदा आपोआप उंचावतो आणि वीतभर दूर वाटणारी पकड हाताशी येते. उंची कमी असलेल्यांची निम्मी अडचण येथे सुटते.

डावा हात धरलेला व डावाच पाय टेकलेला असेल तर देह कवाडासारखा त्या बाजूवर फिरू लागतो. चढणाऱ्या मंडळींत यालाच दार उघडणे म्हणतात. त्यावर उपाय मोकळ्या पायाचा. तो कोणत्याही पकडीवर न ठेवता दुसऱ्या पायाच्या मागून किंवा पुढून लांब पसरावयाचा व भिंतीला नुसता लावून ठेवावयाचा. डोंबारी तारेवर काठी धरतो, तिचेच काम हा पाय करतो. नवशिक्याला चारही अवयव पकडीवर असल्यावाचून चैन पडत नाही; तोल समजू लागल्याची पहिली खूण म्हणजे एक पाय हवेत ठेवूनही त्याला निश्चिंत वाटणे.

हातांविषयी सांगावयाचे ते थोडे. पुढची पकड शोधीत असताना कोपर सरळ ठेवावे. मग भार हाडांवर व कंडरांवर राहतो आणि दंड विसावतो. खांदे मात्र कानांपर्यंत ढिले सोडू नयेत. मूठ गरजेपुरतीच आवळावी; पकड सुटण्याच्या बेतात येईपर्यंत बोटे किती सैल करता येतात हे सोप्या जागी मुद्दाम पाहावे. बहुतेकांना आढळून येते की, आपण आजवर दुप्पट जोर खर्चीत होतो. चांगली जागा मिळताच एकेक हात खाली सोडून झटकावा, म्हणजे कोंडलेले रक्त पुन्हा वाहू लागते.

काही पकडी इतक्या दूर असतात की, उसळी घेतल्यावाचून गती नसते. येथेही जोरापेक्षा वेळ साधण्याला महत्त्व आहे. वर फेकलेला चेंडू परतण्यापूर्वी क्षणभर थांबल्यासारखा दिसतो. देहाचेही तेच होते: पायांनी रेटा दिला की तो वर जातो, माथ्यावर क्षणभर भारहीन होतो, मग पडू लागतो. त्या नेमक्या क्षणी हात पकडीवर गेला पाहिजे. आधी गेला तर दुसऱ्या हाताला सगळा भार ओढावा लागतो, नंतर गेला तर पडत्या देहाचा हिसका बोटांवर बसतो.

भिंतीला हात लावण्यापूर्वी खाली उभे राहून सगळी वाट डोळ्यांनी चढावी. कोणता हात कोठे, कोणता पाय कोठे, विसावा कोठे, हे हवेत हात हलवून ठरवावे. चढताना चुकले तर कोठे चुकले ते सांगता यावे. एकदा जमलेली वाट सोडून देण्याची घाई करू नये. तीच वाट पुन्हा, अधिक सावकाश व कमी श्रमात चढावी. अवघड वाटेवर मनुष्य झटापट करतो आणि झटापटीत जुन्याच सवयी वर येतात. नवी सवय लागावयाची ती सोप्या वाटेवर. सोपी वाट चढूनच नव्हे तर उतरूनही यावे. उतरताना पाय दिसत नाहीत, म्हणून उतरणे अवघड. रायगडाच्या हिरकणीची कथा सांगणारे तिच्या वात्सल्याविषयी भरभरून बोलतात. ती रात्रीच्या काळोखात कडा चढली नसून उतरली होती, इकडे सहसा कोणी लक्ष देत नाही.

आता पालकांसाठी दोन शब्द. बोटांच्या कंडरांना हाडांशी जखडून ठेवणारे चिवट पट्टे असतात. बोटांची मधली पेरे ताठ उभी करून बारीक कंगोऱ्यावर लोंबले म्हणजे या पट्ट्यांवर विलक्षण ताण येतो. ते तुटल्यास बरे होण्यास कित्येक आठवडे किंवा महिने लागतात. स्नायू दोन-तीन महिन्यांत बळावतात, पट्टे व कंडरा त्याहून पुष्कळ सावकाश. बहुतेक दुखापती या अंतरातच होतात. वाढत्या वयाच्या मुलामुलींत तर हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चाच दुखावते. बोट मधल्या सांध्याशी दुखत असेल तर चढणे बंद करून वैद्याला दाखवावे, चोळून पुन्हा पाठवू नये. अशा मुलांनी बोटे अर्धी उघडी ठेवून धरावयास शिकावे आणि चढाईच्या दोन दिवसांमध्ये विसावा घ्यावा. पडण्याचेही शिक्षण पहिल्याच दिवशी द्यावे: दोन्ही पायांवर यावे, गुडघे दुमडावे, पाठीवर लोळण घ्यावी, हात छातीशी ठेवावे. मागे हात टेकून सावरण्याच्या प्रयत्नात मनगट व कोपर मोडतात. गादीवर दुसऱ्याच्या खाली उभे राहू नये, हेही सांगून ठेवावे.

भिंतीवर तयार झालेला विद्यार्थी सह्याद्रीवर गेला म्हणजे त्याला एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. राळेची पकड पेचाने आवळलेली असते; आपला काळा कातळ तसा नाही. धरण्यापूर्वी त्यावर बोटांच्या मागच्या बाजूने ठोकून पाहावे, पोकळ वाजला तर सोडून द्यावा. शेवाळ, सुटे दगड, कपारीतील आग्या माश्या यांचा पाठ सभागृहात मिळत नाही, तो जाणत्यांच्या सोबतीनेच घ्यावा लागतो. देवगिरी हे संरक्षित स्मारक असल्याने तेथे कातळाला हात घालण्याचा प्रश्नच नाही. पण भिंतीवर चार महिने काढलेल्या मुलाने खंदकावरील पुलावर उभे राहून तो तासलेला कडा सवयीने डोळ्यांनी चढून पाहावा. पहिले पाऊल कोठे ठेवावयाचे, याचाच शोध त्याला बराच वेळ पुरेल.