न आलेला ताप मोजायचा कसा?

मंडळी, विषय डेंग्यूचा आणि बोलणार तत्त्वज्ञानाचा मास्तर, म्हणून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. माझ्या नावामागच्या 'डॉक्टर'ने कुणाचा ताप उतरत नाही, हे मान्य. पण डेंग्यूचा माग काढण्यात आमच्याकडचा एक जुना प्रश्न दडलाय. एखादी गोष्ट दिसली नाही, म्हणून ती नाही, असं कधी म्हणता येतं?

भाट्ट मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण अट घालून. उजेडात घडा दिसला नाही, तर घडा नाही हे कळलं. अंधारात दिसला नाही, तर काहीच कळलं नाही. असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी.

आता बघा. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकाची लागण झाली की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून थोडेच महिने. आणि ढोबळमानाने चारपैकी तीन लागणींत तापही येत नाही, किंवा आला तरी कुणी दखल घेत नाही. मूल खेळत राहतं. रुग्णालयाच्या वहीत ते कुठेच नाही. वही म्हणजे अंधारी खोली!

निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात २००४ पासून दिवा लावायचं काम चाललंय. हजारो मुलं, आजारी नसतानाही दरवर्षी रक्त द्यायचं. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या रक्तातली प्रतिपिंडं ताडून बघायची. ती बरीच वाढली असतील, तर मधल्या काळात विषाणू येऊन गेला, आईला पत्ता नसला तरी. ताप आलाच तर मुलाने ठरलेल्या आरोग्य केंद्रात यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण सुईला घाबरणारं पोर दरवर्षी तिथे घेऊन जाणाऱ्या आयांचा विचार करा. माझ्या मते खरं संशोधन त्यांनी केलंय.

या नोंदींतून काय निघालं? १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये स्कॉट हॉल्स्टेड यांना दिसलं होतं की गंभीर डेंग्यू बहुधा दुसऱ्या लागणीत होतो. तान्ह्या बाळांना मात्र पहिल्याच लागणीत. असं का? तर आईची प्रतिपिंडं बाळात उतरलेली असतात आणि हळूहळू विरत जातात. अर्धवट विरलेली प्रतिपिंडं विषाणूला अडवत नाहीत, उलट पेशीत शिरायला मदत करतात, असा तर्क होता. मानाग्वाच्या नोंदींवरून २०१७ मध्ये मुलांमध्येच ते दाखवता आलं. प्रतिपिंडं भरपूर असली तर संरक्षण, आणि मधल्या एका अरुंद पट्ट्यात धोका सर्वाधिक.

हे नुसतं पांडित्य नाही. फिलिपाइन्समध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना डेंग्यूची लस दिली गेली, आठ लाखांहून अधिक मुलांना. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ज्यांना पूर्वी कधीच लागण झाली नव्हती, त्यांच्यात लसीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो. त्यांच्यापुरती लसच पहिल्या लागणीसारखी वागली. हे आधी का कळलं नाही? चाचण्यांत लस देण्यापूर्वीचं रक्त थोड्याच मुलांचं घेतलं होतं. धोका 'दिसला नव्हता' खरा, पण दिसावा असा उजेडच पुरेसा नव्हता. पुढे पालकांचा विश्वास इतका उडाला की गोवरासारख्या इतर लसींनाही लोक बिचकू लागले.

व्याख्यानाआधी एका आजीबाईंनी मला विचारलं, "नातवाला गेल्या वर्षी डेंग्यू होऊन गेला. आता सुटलो ना?" नाही, आजी. उलट पुढच्या वेळी ताप आला तर डॉक्टरांना हे आधी सांगा. आपल्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, धोका बहुधा त्याच एक-दोन दिवसांत असतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.