धामणीचे धनुष्य : पाठीचे आवरण आणि अखेरचा हात

मराठीत 'धामण' हा एकच शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंना लावला जातो. एक धामण म्हणजे बांधाबांधाने फिरणारा, उंदरांवर जगणारा बिनविषारी साप. दुसरी धामण म्हणजे सह्याद्री व सातपुडा यांच्या पानझडी वनांत वाढणारा वृक्ष. त्याचे शास्त्रीय नाव ग्रेविया टिलिइफोलिया. हे लाकूड चिवट व लवचिक असते. कुऱ्हाडीचे दांडे, गाडीच्या दांड्या, कावडी अशा वाकून पुन्हा सरळ होणाऱ्या वस्तूंसाठी ते पूर्वीपासून वापरात आहे. भावप्रकाशाच्या निघंटुभागात या वृक्षाला 'धनुर्वृक्ष' असेच म्हटले आहे. नामसाम्यावरून दोहोंचा उगम एक मानण्याचे कारण नाही. तथापि लाकडी धनुष्याच्या पाठीवर सापाची त्वचा चढविण्याची जी रीत जगाच्या काही भागांत आढळते, तिचा विचार करताना ही दोन्ही नावे एका वस्तूत एकत्र येतात. ती त्वचा तेथे नेमके कोणते काम करते, आणि ती नसल्यास ते काम दुसऱ्या कशाने साधते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम परिभाषा. धनुष्याची जी बाजू नेमबाजाकडे असते तिला पोट व जी लक्ष्याकडे असते तिला पाठ म्हणणे सोयीचे आहे. मधली मूठ म्हणजे अमरकोशातील 'लस्तक', आणि दोन्ही टोके म्हणजे 'कोटी' किंवा 'अटनी'. ज्या ओढली की पाठ ताणली जाते व पोट दाबले जाते. या दोहोंमध्ये एक पातळी अशी असते की जिच्यावर ताणही नाही व दाबही नाही. कांब जितकी जाड आणि तिचा बाक जितका तीव्र, तितका पाठीवरील ताण अधिक. १६ मिलिमीटर जाडीची कांब १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतकी वाकविली, तर पाठीचा पृष्ठभाग शेकडा ०.८ इतका लांबतो. बहुतेक लाकडे शेकडा एकच्या आसपास लांबली की तुटण्याच्या बेतास येतात. चांगले धनुष्य म्हणजे मोडण्याच्या अगदी काठावर राबणारे लाकूड, असे जे जाणकार म्हणतात त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे.

निर्दोष लाकूड ताणापेक्षा दाबाला आधी हार जाते. म्हणून पाठीचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असतील तर लाकडी धनुष्य सहसा तुटत नाही. त्याला कायमचा बाक येतो व मारा मंदावतो, इतकेच. मोडते ते तंतू तिरपे कापले गेलेले, गाठ उघडी पडलेले किंवा पाठीवर ओरखडा आलेले धनुष्य. अशा ठिकाणी एखादा तंतू प्रथम उचलला जातो, आणि पूर्ण ओढीच्या क्षणी तेथून कांब दुभंगते. तो क्षण असा असतो की नेमबाजाचा चेहरा धनुष्यापासून हातभर अंतरावर असतो. पाठीवर आवरण चढविण्यामागे शोभेपेक्षा ही भीती अधिक आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याची द्रव्ये ताड, बांबू, लाकूड व शिंग अशी सांगितली आहेत. ज्येसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु, बांबू आणि स्नायू यांची नोंद आहे. मूर्वेच्या तंतूंची म्हणून ज्येला 'मौर्वी' हे नाव पडले. या यादीत सर्पत्वचा नाही. सरीसृपाची त्वचा भारतीय धनुर्विद्येत आली ती वेगळ्या मार्गाने. 'गोधा' म्हणजे घोरपड; आणि ज्येचा तडाखा चुकविण्यासाठी डाव्या हातावर बांधावयाच्या चर्मपट्टालाही अमरकोशात 'गोधा' हाच शब्द दिला आहे. रामायण-महाभारतातील वीर गोधा व अंगुलित्राण बांधून रणात उतरतात. म्हणजे घोरपडीचे कातडे धनुर्धराच्या हाताशी आले, धनुष्याच्या पाठीवर चढल्याचे मात्र या ग्रंथांत दिसत नाही. दक्षिणेतील खंजिरीवर घोरपडीचे कातडे आणि चिनी एर्हूवर अजगराचे कातडे चढविले जाते, त्यामागेही त्वचेचा पातळपणा व चिवटपणा हेच गुण आहेत.

महाराष्ट्रात आजपर्यंत टिकून राहिलेले धनुष्य म्हणजे सातपुड्यातील भिल्लांचा कामठा. तो बांबूचा असतो, आणि त्याची ज्याही पुष्कळदा बांबूच्याच पातळ चिवट कामटीची असते. बांबूच्या भिंतीत तंतूंची दाटी आतून बाहेर वाढत जाते. बाहेरच्या सालीलगत ती सर्वांत अधिक. तेथे निसर्गानेच आवरण दिलेले असल्यामुळे वेगळे कातडे लावण्याची गरज पडत नाही. दख्खनच्या सुलतानी व मोगल सैन्यांतील कमान हा याच्या अगदी उलट प्रकार. तिचा गाभा लाकडाचा, पोटाला म्हशीचे शिंग, पाठीवर सरसाने बसविलेले कंडरांचे तंतू, म्हणजे जुन्या ग्रंथांतील 'स्नायू', आणि या सर्वांवर पातळ साल किंवा चामडे, रंग व रोगण. कंडरा लाकडाच्या कित्येक पट ताण सहन करते. म्हणूनच ही कमान आखूड असूनही खोल ओढता येते. परंतु कंडरा आणि सरस ही दोन्ही पाण्याने मऊ पडणारी द्रव्ये आहेत. बाहेरचे चामडे व रोगण गेले की एका पावसाळ्यात कमान सैल पडते.

सर्पत्वचेचे स्थान येथे स्पष्ट होते. उत्तर अमेरिकेतील काही मूळ रहिवासी जमाती कंडरा बसविलेल्या धनुष्यावर खुळखुळ्या सापाची त्वचा चढवीत. ताण सोशी ती खालची कंडरा. त्वचा तिचे ओल व ओरखडा यांपासून रक्षण करी. पुढे हौशी कारागिरांनी कंडरा वगळून नुसती त्वचा लाकडावर चढविण्यास आरंभ केला आणि तिलाच 'पाठबळ' समजण्याचा गैरसमज रूढ झाला. एक साधा हिशेब पाहण्यासारखा आहे. कांबेची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १६ मिलिमीटर जाडीच्या कांबेवर ०.३ मिलिमीटर त्वचा बसविली आणि ती लाकडाइतकीच ताठ आहे असे क्षणभर मानले, तरी ताठरतेत शेकडा सहाहून कमी वाढ होते. वाळलेली त्वचा लाकडाहून पुष्कळ मऊ असल्याने प्रत्यक्ष वाढ याहून थोडी. तिचा खरा उपयोग इतकाच की ती बारीक तंतू उचलू देत नाही, पाठीवर ओरखडा पडू देत नाही आणि लाकूड तुटलेच तर तुकडे काही अंशी धरून ठेवते. सदोष लाकूड ती सुधारीत नाही. उलट दोष झाकते, ही तिची सर्वांत मोठी खोड म्हणावी लागेल.

म्हणून त्वचा चढविण्यापूर्वी कांबांचा तोल पूर्ण झालेला असावा लागतो. दोन्ही कांबा सारख्या वाकतात की नाही हे पाहून पोटाकडूनच लाकूड तासावयाचे असते. पाठीला हत्यार लावावयाचे नसते. नंतर पाठ किंचित खरबरीत करून तिच्यावरील तेलकटपणा काढतात आणि पातळ सरसाचा एक हात देऊन तो लाकडात मुरू देतात. वाळलेली त्वचा पाण्यात भिजवून मऊ करतात. एका सापाची त्वचा लांबीस पुरली तरी मध्याकडून शेपटाकडे तिची रुंदी घटत जाते. म्हणून बहुधा दोन तुकडे घेऊन मुठीपाशी जोड देतात, आणि तो जोड मुठीच्या वेष्टणाखाली झाकला जातो. खवल्यांचे तोंड टोकांकडे ठेवण्याची रीत आहे. मांसाची बाजू खाली ठेवून मुठीकडून टोकाकडे बोटांनी दाबत जावे, म्हणजे खालची हवा व जादा सरस निघून जातो. ओली त्वचा ताणून बसविण्याचा मोह नवख्यास हमखास होतो. ती वाळताना आपणच आकसते, आणि ताणलेली असेल तर कडा उचलून बसते. वर कापडाची पट्टी गुंडाळून एक-दोन दिवस सावलीत ठेवावे.

पट्टी सोडल्यावर कडा कानशीने लाकडाबरोबर आणतात. यानंतरचे काम पुष्कळांना ठाऊक नसते. वरचे खवले ही निर्जीव शृंगद्रव्याची पापुद्र्यासारखी थर असते. ती ठेवली तर धनुष्य वाकताना एकेक खवला उचलला जाऊन रोगण तडकते. म्हणून ते खवले चिकट पट्टी लावून उपटून काढतात. रंगाची नक्षी खालच्या अंतस्त्वचेत असल्याने ती जशीच्या तशी राहते. शेतात सापडणारी कात या कामी का चालत नाही, याचे उत्तरही यातच आहे. कात म्हणजे केवळ वरचा निर्जीव थर. तिच्यात अंतस्त्वचेचे तंतू नाहीत, त्यामुळे बळही नाही.

आता अखेरचा हात. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावी या कामाची खरी कसोटी लागते. उन्हाळ्यात दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरली, तर लाकडातील ओल हळूहळू साडेचार टक्क्यांकडे जाऊ लागते. पावसाळी हवेत आर्द्रता ८० टक्के राहिली, तर ती १६ टक्क्यांकडे चढते. धनुष्यास ८ ते १० टक्के ओल मानवते. त्याहून कोरडे लाकूड तडकते. ओले लाकूड बाक धरते. पाठीवर त्वचा व रोगण आणि पोट मात्र उघडे, अशी स्थिती असेल तर ओल एकाच बाजूने ये-जा करते आणि सरसाच्या थरावर नाहक ताण येतो. यास्तव रोगण सर्व बाजूंनी, टोकांसह, सारखेच द्यावे लागते. टोकांवर लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात. तेथे एक हात अधिक द्यावा.

रोगणासाठी लागणारे तेल मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतच पिकते. हवेत सुकून पापुद्रा धरणाऱ्या तेलांत जवस अग्रेसर आहे. त्याचा आयोडीन अंक सुमारे १७० ते २००. करडईच्या तेलाचा १४० ते १५०. ते सावकाश सुकते, पण जवसाच्या तेलाप्रमाणे पिवळे पडत नाही. करडईचा एक जुना उपयोग येथे मुद्दाम सांगण्यासारखा आहे. बियांना मडक्यात कोरडी आच देऊन त्यांतून काळे, चिकट तेल गाळीत. ते खाण्याचे नव्हे. विहिरीचे दोर आणि पाण्यात राहणारे चामडे यांना ते लावीत. वायव्य सरहद्दीकडे करडईचेच तेल दीर्घकाळ कढवून केलेले घट्ट 'रोगण' कापडावरील नक्षीकामास वापरीत. चक्राकार बारवेमुळे ओळखल्या जाणाऱ्या वालूरच्या परिसरात मोटेचे युग संपून बराच काळ लोटला. तथापि पाण्यापासून चामडे राखण्याचा प्रश्न मोटेचा आणि धनुष्याचा एकच होता, आणि त्याचे उत्तर ज्या बियांत होते ती बी या भागात अजून पेरली जाते.

व्यवहारात चपडा लाखेचे स्पिरिटमध्ये विरघळविलेले पातळ हात त्वचेवर प्रथम देतात, कारण ते लवकर सुकतात व तेलाने नक्षी काळवंडू देत नाहीत. त्यावर तेलाचे रोगण अतिशय पातळ, एक हात पुरता सुकल्यावर दुसरा. जाड थर ताठ होतो आणि पहिल्याच ओढीत भेगाळतो. शिवाय टोकांकडील प्रत्येक गुंज वजन बाणाचा वेग घटविते. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेतात.

या सर्व वर्णनात एक अडचण उरते, व ती लहान नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली साप मारणे व त्याच्या कातड्याचा व्यापार करणे हा अपराध आहे. कायदा येण्यापूर्वी या देशातून सापांची कातडी फार मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. तमिळनाडूतील इरुळ जमातीची उपजीविका बऱ्याच अंशी त्यावर होती. तो व्यापार बंद झाल्यावर १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली व साप जिवंत पकडून, विष काढून, पुन्हा सोडण्याचे काम तिने हाती घेतले. त्याच विषापासून सर्पदंशावरील लस तयार होते. धामणीचे विष नाही, म्हणून तिला हा आश्रयही नाही. तिच्याविषयी शेतकऱ्यांत समज मात्र विचित्र आहेत: ती गाईचे दूध पिते, शेपटीने फटका मारते. सापाला दूध चोखून घेता येईल अशी त्याच्या तोंडाची रचनाच नाही. ज्वारीच्या कणगीखालचा उंदीर ती बिळात शिरून खाते, हे त्याच अंगणात कोणालाही पाहता येते. धनुष्याच्या दोन कांबा सजविण्यासाठी एक धामण मारणे म्हणजे कणगीचा राखणदार देऊन चित्र विकत घेणे होय.

आणि यांत्रिक दृष्ट्या त्याची आवश्यकताही नाही. संरक्षणाचे काम शेळीच्या कच्च्या कातड्याचा पातळ पट्टा तितकेच चांगले करतो. तो पातळ करताना कांबेच्या टोकांकडे अधिक तासावा, म्हणजे वजन वाढत नाही. रेशमी कापड सरसाने बसविल्यास ते याहून हलके. खरे पाठबळ हवे असेल तर अंबाडी किंवा जवसाच्या खोडाचे विंचरलेले लांब तंतू सरसात बुडवून पाठीवर टोकापासून टोकापर्यंत समांतर बसवावेत. एक थर पुरता वाळल्यावर दुसरा. या तंतूंची ताणशक्ती लाकडाहून पुष्कळ अधिक असते, आणि दोन्ही पिके मराठवाड्याला नवखी नाहीत. मात्र तंतूंचा थर फार जाड झाला तर ताणाची बाजू बळकट होऊन सर्व भार पोटावर येतो व तेथे आडव्या बारीक सुरकुत्या पडू लागतात. त्या दिसताच थर तासून कमी करावा.

सरसाची ओल पूर्णपणे जाण्यास आठवडे लागतात. तोवर ज्या चढवू नये. हे काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत हाती घेतल्यास संक्रांतीच्या सुमारास धनुष्य हाती येते. पहिल्या दिवशी अर्धीच ओढ, तीही वीस-पंचवीस वेळा. मग ज्या उतरवून पाठीवरून कापसाचा बोळा फिरवावा. बोळ्याचा धागा कोठे अडकला तर तेथे तंतू उचलला गेला आहे असे समजून धनुष्य पुन्हा कामास घ्यावे.