झाडीपट्टीची वृक्षवाट

नागपूरसारख्या शहरांतील एखादें कुटुंब सुटीच्या दिवसांत नवेगांवबांधास जातें, तेव्हां त्याच्या मनांत बहुधा एकच इच्छा असते. ती म्हणजे वाघ दिसावा. पहाटे उठून, मुलांना शालींत गुंडाळून मंडळी गाडींत बसतात, वनांत शिरतात आणि तीन-चार तासांनीं परत येतात. वाघाचें दर्शन झालें नसेल, तर परतीच्या वाटेवर एकच उद्गार ऐकूं येतो, "कांहींच दिसलें नाहीं." वस्तुतः तेवढ्या वेळांत हजारों वृक्ष त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेले असतात. ते दिसले, परंतु ओळखले गेले नाहींत. आणि ज्याची ओळख नाहीं, तें दिसूनही न दिसल्यासारखेंच होय.

लोकांस वृक्षांची ओळख व्हावी म्हणून मोठ्या शहरांत वृक्षोद्यानें राखण्याची रीत आहे. कोलकात्याजवळ शिवपूर येथें १७८७ सालीं स्थापन झालेलें वनस्पति-उद्यान प्रसिद्धच आहे. पुण्याचें एम्प्रेस उद्यानही पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. अशा ठिकाणीं देशोदेशींचे वृक्ष आणून लावतात आणि त्यांच्यापाशीं नांवाच्या पाट्या ठेवतात. गोंदिया जिल्ह्यांतील रानांत अशा पाट्या नाहींत, परंतु वृक्षांची संपत्ति मात्र कोणत्याही उद्यानास लाजवील अशी आहे. पूर्व विदर्भाच्या या भागास झाडीपट्टी हें नांवच मुळीं झाडांवरून पडलें. येथें फिरणाऱ्यानें पाटी वाचावयाची नसून साल, पान आणि फूल वाचावयाचें असतें, एवढाच काय तो फरक.

या वनांची थोडी हकीकत आधीं ध्यानांत घ्यावी. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला. वनें अर्थात् त्याहून फार जुनीं. नागझिऱ्याचें अभयारण्य १९७० सालीं आणि नवेगांवचें राष्ट्रीय उद्यान १९७५ सालीं जाहीर झालें. पुढें २०१३ सालीं हीं दोन्ही वनें, त्यांच्या लगतचीं नवीं अभयारण्यें आणि भंडारा जिल्ह्यांतील कोका मिळून नवेगांव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यांत मनास येईल तसें पायीं हिंडतां येत नाहीं आणि तें योग्यच आहे. म्हणून पायीं फिरणाऱ्यानें तलावाचा कांठ, गांवालगतचे रस्ते आणि जेथें वनखात्याची परवानगी असेल त्याच वाटा निवडाव्या, व सोबत गांवचा माहितगार माणूस घ्यावा. पावसाळ्यांत वनपर्यटन बंद असतें. पहिल्या फेरीस हिवाळ्याची अखेर उत्तम.

नवशिक्या माणसाची पहिली चूक अशी, कीं तो झाडाचा शेंडा पाहूं लागतो. उंचावरचीं पानें एकांत एक मिसळलेलीं असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तीं गळूनही जातात. खोडाची साल मात्र बारा महिने डोळ्यांच्या टप्प्यांत असते. तेव्हां आरंभ सालीपासून करावा. ऐनाची साल काळपट, जाड आणि चौकोनी भेगांची. मगरीच्या पाठीची आठवण व्हावी अशी. ऐनाच्याच कुळांतला अर्जुन नाल्याच्या कांठीं उभा असतो. त्याची साल गुळगुळीत व पांढुरकी. एवढ्या खुणेवरून हे दोघे भाऊ लहान मुलासही वेगळे काढतां येतात. धावड्याची सालही फिकट राखी असते, पण तो नाल्याची वाट पाहत नाहीं, कोरड्या टेकाडावरही वाढतो आणि त्याचीं पानें अर्जुनाच्या पानांपेक्षां लहान असतात. सालईच्या खोडावरून कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात. तेंदूची साल ऐनासारखीच काळी आणि भेगाळ. म्हणून तेथें घोटाळा होतो आणि मग पानाकडे वळावें लागतें. ऐनाच्या पानाच्या मागील बाजूस देठाजवळ बारीक ग्रंथि असतात, त्या तेंदूच्या पानास नसतात.

कांहीं वृक्ष आपली ओळख रंगानें देतात. सागाचें कोवळें पान बोटांत चुरडलें, तर बोटें तांबडीं होतात. बिजाच्या सालीस जखम झाली, कीं तांबडा रस पाझरतो आणि वाळून रक्तासारखा गोठतो. हळदूचें लाकूड नांवाप्रमाणें पिवळें असतें. कुसुमाची नवी पालवी मार्च महिन्यांत अशी लाल येते, कीं लांबून पाहणाऱ्यास झाड फुलल्याचा भास व्हावा. पळसाचें मात्र उलट आहे. त्याचीं पानें गळतात आणि खरोखरीचीं फुलें येतात.

शहरांतील गृहिणीस वाटेल, कीं या रानाचा आपल्या घराशीं काय संबंध? परंतु तिनें आपल्याच फडताळांत पाहावें. बाळंतिणीच्या लाडवांत जो डिंक पडतो, तो पुष्कळदां धावड्याचा असतो. बासुंदीवरची चारोळी चाराच्या झाडाची. त्रिफळा चूर्ण म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. या सगळ्या वस्तु दुकानांत येण्यापूर्वीं कोणाच्या तरी हातांनीं रानांतून वेंचून आणलेल्या असतात. म्हणून झाड ओळखणें म्हणजे त्या झाडावर जगणारीं माणसें ओळखणेंही होय.

मोहाचें उदाहरण घ्यावें. मार्च-एप्रिल महिन्यांत मोहाचीं फुलें उमलतात आणि पहाटेच्या सुमारास टपटप गळूं लागतात. फूल लहान, मांसल, पिवळसर आणि साखरेनें भरलेलें. गांवांतील बाया-मुलें अंधारांतच टोपल्या घेऊन निघतात आणि उन्हें चढण्यापूर्वीं फुलें वेंचून आणतात. तीं वाळवून ठेवतात, कांहीं खातात, कांहीं विकतात. पुढें फळांतील बियांपासून तेल निघतें. पुष्कळ गांवांत कोणतें झाड कोणत्या घरानें वेंचावें, हें वहिवाटीनें ठरलेलें असतें. मोहाचा मोसम सरत आला, कीं तेंदूपानें तोडण्याचा हंगाम येतो. गोंदियाचा विडीचा धंदा याच पानांवर उभा राहिला. शेतांत काम नसतें त्या उन्हाळ्यांत हे दोन वृक्षच गरिबाचें घर चालवितात. २००६ च्या वनहक्क कायद्यानें असें गौण वनोत्पन्न गोळा करण्याचा व विकण्याचा वनवासी लोकांचा हक्क मान्य केला आहे.

परंतु याच ठिकाणीं एक कठीण प्रश्न उभा राहतो. मोहाखालीं वाळल्या पानांचा थर असला, तर त्यांत फुलें सांपडत नाहींत. म्हणून वेंचणारे कधीं कधीं तो पाचोळा पेटवून जागा साफ करतात. वारा सुटला, तर ती लहानशी आग रानांत शिरते. रोपें जळतात, जमिनीवर घरटें करणाऱ्या पक्ष्यांचीं अंडीं जळतात, आणि उद्यां ज्यांच्यावर हक्क सांगावयाचा तीं झाडेंच खुरटतात. रानांतल्या सर्व आगी मोहामुळें लागतात असें नव्हे; पण वणव्याचें मोल किती भयंकर असतें, हें एप्रिल २०२१ मध्यें दिसून आलें. त्या वेळीं नागझिऱ्यांत लागलेली आग विझवितांना तीन वनमजुरांचे प्राण गेले. केवळ दंडाच्या धाकानें ही चाल सुटणें कठीण. ज्याच्या घरांत फुलें आलीं नाहींत तर चूल थंड राहते, त्याला दुसरा उपाय दाखवावा लागतो. झाडाखालची जागा झाडून घेणें, अथवा खालीं जाळी किंवा जुनीं लुगडीं पसरणें, हा तो उपाय. त्यानें आग टळते आणि फुलेंही स्वच्छ मिळतात.

वाट शेवटीं तलावापाशीं येते. नवेगांवचा हा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला, असें परंपरा सांगते. तलाव बांधून धान आणि ऊंस पिकविण्यांत कोहळी समाजाची ख्याति होती. टेंकड्यांच्या मधल्या फटी मातीच्या बांधांनीं अडवून त्यांनीं पाणी साठविलें. हिवाळ्यांत येथें दूरदूरचे पाणपक्षी उतरतात. येथें उभें राहिलें म्हणजे मागच्या वाटेचा अर्थ कळतो. पावसाचें पाणी आधीं पानांवर पडतें, मग पाचोळ्यांत मुरतें आणि सावकाश तलावाकडे येतें. टेंकडी उघडी पडली, तर तेंच पाणी माती घेऊन धांवत येतें आणि तलाव गाळानें भरतो. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पूर्व विदर्भांतील कित्येक लहान तलाव देखरेखीवांचून गाळले. बांध माणसानें घातला खरा, पण त्याचें आयुष्य वरच्या झाडांच्या हातीं आहे.

याच नवेगांवबांधास वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली यांनीं कित्येक वर्षें काढलीं. सोलापुरांत जन्मलेल्या या लेखकानें मराठी वाचकांस रानाचे शेंकडों शब्द दिले. २०२५ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या ज्ञानाचा मोठा भाग रानांत राहणाऱ्या अशिक्षित माणसांकडून आलेला होता. तीं माणसें आतां म्हातारीं होत आहेत आणि त्यांचीं मुलें कामासाठीं शहरांकडे जात आहेत. पुस्तकांतलें शास्त्रीय नांव टिकेल; पण तें झाड केव्हां फुलतें, कोणत्या उताराला असतें आणि कशाला उपयोगी पडतें, हें सांगणारी जीभ गेली, कीं अर्धी ओळख गेली.

म्हणून फिरावयास जाणाऱ्या कुटुंबानें फार मोठा बेत करूं नये. एक वाट निवडावी आणि तिच्यावरचीं पांच झाडें ठरवावीं. मुलांच्या हातीं एक वही द्यावी. त्यांनीं सालीवर कागद ठेवून पेन्सिलीनें ठसा घ्यावा, पडलेलें पान उचलून पाहावें, पण फांदी मोडूं नये. सोबतच्या माणसास झाडाचें गांवचें नांव विचारावें, तें त्याच्याच उच्चाराप्रमाणें लिहून घ्यावें, आणि त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा. तींच पांच झाडें उन्हाळ्यांत आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर पाहावीं. वर्षाच्या अखेरीस वहींत पांच ओळखीचे सोबती जमलेले असतील. मग एखाद्या फेरींत वाघ दिसला, तर आनंदच. न दिसला, तरी घरीं परततांना "कांहींच दिसलें नाहीं" असें म्हणण्याची पाळी त्या मुलांवर येणार नाहीं.