दीर्घिकांच्या मधला वायू कोणी तापवला?

आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहांना दीर्घिका म्हणतात. त्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे अतिशय विरळ वायू असतो. विश्व पसरत गेले तसा हा वायू, म्हणजे मुख्यतः हायड्रोजन, निवत गेला, उणे 270 अंशांच्या आसपास. मग त्याला ऊब दिली कोणी?

ताऱ्यांच्या उजेडाने, असे वाटेल. पण त्यातले वायूला तापवणारे अतिनील किरण जवळच्याच वायूत अडतात. लांबवर पोहोचतात ते क्ष-किरण, दवाखान्यात हाडांचा फोटो काढतात तेच. जोडताऱ्यांतला एक मरून कृष्णविवर झाला की तो दुसऱ्याचा वायू ओढतो. ओढला जाणारा वायू भयंकर तापून क्ष-किरण फेकतो.

हे ताडले कसे? थंड हायड्रोजन मागून येणाऱ्या रेडिओ लहरी शोषतो. त्याची खूण ठळक उमटायला हवी. दक्षिण आफ्रिकेच्या कारू वाळवंटातल्या ‘हेरा’ दुर्बिणीच्या 14 मीटर रुंदीच्या चाळीसेक तबकड्यांनी 94 रात्री ती शोधली. सापडली नाही! म्हणजे विश्व सुमारे 65 कोटी वर्षांचे होईपर्यंत वायू तापला होता. हा निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. न सापडण्यातूनही इतके कळते, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्याच काळातल्या हायड्रोजनचा माग आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीनेही घेतला आहे. तिच्या तबकड्या 30, प्रत्येक 45 मीटर रुंद.