इतिहासाची बाई व्हायचंय

आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर आमचा शनिवारचा अभ्यासवर्ग भरतो. पुढे काय व्हायचे, असे विचारले की पोलीस, नर्स, ड्रायव्हर ही उत्तरे ठरलेली. या वेळी बारावी कला शाखेतली एक वारली मुलगी म्हणाली, "ताई, मला हायस्कुलात इतिहासाची बाई व्हायचंय." कारण विचारले. म्हणाली, "दहावीच्या पुस्तकात आदिवासी चळवळीबद्दल होतं. सरांनी वाचून दाखवलं आणि पुढे गेले. मी समोरच बसले होते, मला कुणी काही विचारलं नाही."

ती गेल्यावर लक्षात आले की या वाटेची नीट माहिती मलाही जुळवून सांगावी लागणार. मंडळीतल्या अनेकांनी पाड्यांवरच्या मुलांची फी भरली आहे, म्हणून ती येथेही देते.

नववी-दहावीला सामाजिक शास्त्रे शिकवायची तर आधी बी.ए. हवे, आणि पदवीला इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र असा शाळेत शिकवला जाणारा विषय हवा. पाड्यावरची मुले पुष्कळदा मित्र गेले म्हणून कॉमर्सला जातात आणि ही वाट तिथेच अरुंद होते. पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. तिच्यात इतिहास-भूगोल नसतो. बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता तपासतात. बी.एड.च्या दोन वर्षांतले सुमारे वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत जातात, त्यामुळे या काळात पूर्णवेळ नोकरी करता येत नाही. ज्या घरात मुलीच्या कमाईची वाट पाहिली जाते तिथे ही गोष्ट आधीच बोलून घ्यावी. फीसाठी अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो.

नोकरीसाठी पुढे 'टेट' म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमार्फत निवड. 'टीईटी' वेगळी. ती पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे, सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर. हायस्कूलला पाचवीपासून वर्ग असतात, म्हणून तीही देऊन ठेवलेली बरी. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक. माध्यमिकचे मानधन २०२३ पासून महिना १८,००० रुपये आहे. पूर्वी ८,००० होते.

हे सगळे अभ्यासाने जमते. आमची मुले अडतात ती जात वैधता प्रमाणपत्रावर. राखीव जागेवर बी.एड.ला प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. समिती ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना जास्त महत्त्व देते. आता ज्या घरातली पहिली व्यक्ती १९८० नंतर शाळेत गेली, त्यांनी पणजोबांचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? मग दक्षता पथक येते. कुलदैवत, लग्नाच्या रीती, नातेसंबंध विचारते. ही आप्तभाव चाचणी एकमेव कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता मिळालेली असेल तर काम खूप सोपे होते. म्हणजे एकाचे प्रमाणपत्र झाले की साऱ्या भावकीची सोय होते.

इथे आमची एक चूक कबूल करते. काही वर्षांपूर्वी एका मुलाची सीईटीची फी, पुस्तके, रेल्वेचा पास सगळे आम्ही पाहिले, पण वैधतेचे कागद प्रवेशाच्या तोंडावर काढायला घेतले. त्याचे वर्ष गेले. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. आता डिलिव्हरीचे काम करतो. कागद पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच गोळा करायला हवे होते.

एवढा खटाटोप एका विषयाच्या शिक्षकासाठी का, असे एका वडीलधाऱ्यांनी मला विचारले. गणित-इंग्रजीला मागणी जास्त, हे खरेच. पण दहावीला सामाजिक शास्त्रांचे शंभर गुण असतात: इतिहास-राज्यशास्त्र चाळीस, भूगोल चाळीस, अंतर्गत वीस. भूगोलात मुले भारताची ब्राझीलशी तुलना करतात. घराशेजारच्या डोंगराला मात्र तासात जागा मिळेलच असे नाही. बोरिवलीचे मंडपेश्वर घ्या. शैव लेणे, त्यात पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कनांनी केलेले चर्च, भिंतीवर कोरलेला क्रूस, वर मठाचे भग्नावशेष. तिथे वर्ग नेणारा शिक्षक मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो, आणि त्यातले काही प्रश्न आपल्यालाही अवघड वाटतील. यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे काढून ठेवले ते मुलांनी विचारावे म्हणूनच ना?

आपल्या काही मंडळ्यांच्या शाळा आहेत. संविधानाच्या कलम ३० मुळे शिक्षक निवडण्यात अल्पसंख्याक संस्थांना मोकळीक असते. पुढची जागा निघेल तेव्हा पाड्यावरच्या पदवीधराचा अर्ज बाजूला ठेवू नका, एवढी विनंती. आणि पालघर-डहाणूकडे कुणाच्या ओळखीत जुन्या शाळेचे मुख्याध्यापक असतील तर कळवा. त्या मुलीच्या आजोबांचे चुलते तिकडे दोन वर्षे शाळेत गेले होते, असे तिची आजी सांगते. शाळेचे नाव तिला आठवत नाही. शाळेसमोर चिंच होती, एवढेच आठवते. पुढच्या गुरुवारी मी आणि मुलीचे वडील रजिस्टर शोधायला निघतोय.